जंगलपट्ट्यात चालणारा लॅपटॉप कसा निवडावा?

“फार महाग नको, पिशवीत मावेल असा आणि रोजच्या कामाला पुरेल असा लॅपटॉप कोणता घ्यावा?” ब्रह्मपुरीतल्या पालकांपासून धानोऱ्याच्या शिक्षकांपर्यंत सगळ्यांचा हा प्रश्न असतो. उत्तरादाखल बहुतेक वेळा एखाद्या कंपनीचे नाव मिळते. पण कंपनीचे नाव ही शेवटी ठरवायची गोष्ट आहे.

लॅपटॉपच्या जाहिराती थंड खोली, चोवीस तास वीज आणि गावातच सर्व्हिस सेंटर गृहीत धरतात. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो. आतल्या गावांत लाईट आणि रेंज दोन्ही पाहुण्यासारखी येतात-जातात. त्यामुळे पुण्या-मुंबईत ज्या क्रमाने लॅपटॉपचे गुण तपासतात, तो क्रम चंद्रपूर-गडचिरोलीत बदलावा लागतो. वेग थोडा खाली सरकतो; बॅटरी, चार्जर आणि दुरुस्तीचे अंतर वर येतात. या प्रकरणात आपण तोच क्रम लावणार आहोत.

१. आधी कामांची यादी

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर लिहा: हा लॅपटॉप आठवड्यातून काय काय करणार आणि कुठे बसून करणार?

गडचिरोलीत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी पीडीएफ वाचतो, व्हिडिओ व्याख्याने बघतो, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो आणि मराठी टंकलेखनाचा सराव करतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला शाळेची माहिती ऑनलाइन भरायची असते आणि मुलांना प्रोजेक्टरवर काही दाखवायचे असते. ग्रामसभेचे काम आणखी वेगळे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपानाचा व्यवहार स्वतः करू लागल्या. मजुरीचे तक्ते, विक्रीचा हिशेब, ठराव आणि पत्रव्यवहार हे त्यांचे काम.

या तिघांपैकी कोणालाही ताकदवान यंत्राची गरज नाही. लिहिणे, वाचणे, तक्ते करणे, फॉर्म भरणे, व्हिडिओ बघणे ही सगळी हलकी कामे आहेत. अभियांत्रिकीचे आराखडे काढणारा किंवा लग्नाचे व्हिडिओ जोडणारा यात बसत नाही. त्याने छोट्या, स्वस्त लॅपटॉपच्या मागे लागू नये. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याचे यंत्र एकाच टेबलावर राहते आणि त्याला प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचे यंत्र एकाच वेळी जोडावे लागते. त्याला चांगल्या यूपीएससह डेस्कटॉप जास्त सोयीचा पडतो.

२. छोटा म्हणजे किती छोटा?

छोट्या आणि स्वस्त लॅपटॉपची लाट २००७ साली आली. त्या वर्षी असुस कंपनीचा ‘ई पीसी’ बाजारात उतरला. त्याचा पडदा जेमतेम ७ इंचांचा होता. त्याच वर्षी निकोलस निग्रोपाँटे यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरात गावच्या शाळेत सुरू झाला. त्यातला ‘एक्सओ’ लॅपटॉप १०० डॉलरमध्ये देण्याचा बेत होता. प्रत्यक्षात खर्च त्याच्या दुपटीच्या आसपास गेला. वेगाच्या बाबतीत तो तेव्हाही मागे होता. पण त्याच्या रचनेत तीन गोष्टी नेमक्या होत्या: उन्हातही वाचता येणारा पडदा, धूळ आणि पाणी आत न जाऊ देणारा कीबोर्ड आणि अगदी थोड्या विजेवर चालण्याची सोय. खेड्यातल्या वापराची ही तिन्ही अंगे आजच्या स्वस्त लॅपटॉपच्या जाहिरातीत क्वचितच दिसतात. म्हणून ती आपणच तपासायची.

पडद्याचे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके मोजतात. बाजारात साधारण चार मापे दिसतात: ११.६, १३.३, १४ आणि १५.६ इंच. ११.६ इंची लॅपटॉप एक ते सव्वा किलोचा असतो आणि पिशवीत कुठेही मावतो, पण दोन तास तक्ता भरला की डोळे ताणतात. १५.६ इंची लॅपटॉपचे वजन बहुधा दीड किलोच्या पुढे जाते. चार्जर आणि पुस्तकांसह तो पाठीवर घेऊन एसटीत उभ्याने किंवा दुचाकीवर रोज जाणे जड होते. रोज ने-आण करणाऱ्यासाठी १४ इंच आणि दीड किलोच्या आतले वजन हा मधला मार्ग. टंकलेखनाची परीक्षा देणाऱ्यांनाही हेच माप बरे, कारण त्यावर कीबोर्ड पूर्ण रुंदीचा बसतो.

पडद्याबाबत आणखी दोन आकडे विचारा. पहिला बारकाईचा: १९२० गुणिले १०८० असेल तर मराठीतले काना, मात्रा, जोडाक्षरे स्वच्छ दिसतात, १३६६ गुणिले ७६८ हा जुना, भरड पडदा. दुसरा उजेडाचा. तो ‘निट’ या एककात मोजतात. स्वस्त लॅपटॉप २२० ते २५० निटचे असतात. खोलीत तेवढे पुरते. ओसरीवर किंवा झाडाखाली बसून काम करायचे असेल तर ३०० किंवा जास्त निट हवेत. पडदा चकचकीत नको. त्यात अक्षरांऐवजी आभाळ दिसते.

३. हात, अंगण आणि गोदाम

लॅपटॉपच्या पाटीवर प्रोसेसर, रॅम आणि स्टोरेज हे तीन शब्द असतातच. ते समजून घ्यायला तेंदूपानाचा हंगाम डोळ्यांसमोर आणा. पहाटे तोडलेली पाने घरी आणून अंगणात पसरतात. घरातली माणसे सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, वाळले की माल गोदामात जातो.

बांधणारे हात म्हणजे प्रोसेसर. अंगण म्हणजे रॅम, म्हणजे चालू काम पसरायची जागा. गोदाम म्हणजे स्टोरेज, जिथे फाइली कायम राहतात. लॅपटॉप बंद केला की अंगण झाडून साफ होते. गोदामातला माल तसाच राहतो. आता समजा हात दहा आहेत, पण अंगण चार पावलांचे. मग थोडी पाने आत नेऊन ठेवा, थोडी बाहेर आणा, यातच सगळा वेळ जाईल. “लॅपटॉप नवा आहे तरी अडकतो” या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच, लहान अंगण.

म्हणून पहिला नियम: रॅम ८ जीबीपेक्षा कमी नको. विंडोज ११ कागदोपत्री ४ जीबीवर चालते, पण ब्राउझरच्या चार खिडक्या आणि एक तक्ता उघडला की ४ जीबीचा दम सुटतो. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम आतल्या पाटीला कायमची जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. “रॅम वाढवता येते का?” हे दुकानात विचारून घ्याच.

दुसरा नियम गोदामाचा. इथे तीन प्रकार भेटतात. जुनी हार्ड डिस्क फिरत्या तबकडीची असते. ती संथ असते आणि चालू असताना धक्का बसला तर बिघडू शकते. दुचाकीवर फिरणाऱ्याने ती टाळावी. ईएमएमसी हा मोबाइलसारखा चिपचा साठा. त्यात फिरता भाग नाही, पण वेग आणि जागा दोन्ही कमी. तिसरा प्रकार एसएसडी, वेगवान आणि धक्के सोसणारा. किमान २५६ जीबीची एसएसडी घ्या. ‘४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी’ असे लिहिलेला लॅपटॉप किमतीमुळे मोह घालतो. पण ६४ जीबी ही विंडोज ११ साठी लागणारी किमान जागा आहे. अद्ययावतीकरणे येत गेली की तुमच्या फाइलींना जागाच उरत नाही.

हातांचे, म्हणजे प्रोसेसरचे, महत्त्व आपल्या कामात तिसरे. इंटेलचा एन१०० हा चार गाभ्यांचा (कोअरचा), फक्त ६ वॉटच्या वर्गातला प्रोसेसर लिहिण्या-वाचण्याला पुरतो आणि कमी तापतो. कोअर आय३ किंवा रायझन ३ मिळाला तर उत्तम. दोनच गाभ्यांचा जुना सेलेरॉन मात्र स्वस्त असला तरी सोडून द्या.

४. बॅटरीचा हिशेब तासांत नको, वॉट-तासांत करा

‘१० तास बॅटरी’ हा जाहिरातीतला आकडा मंद उजेडात, एकच व्हिडिओ चालवून काढलेला असू शकतो. खरा आकडा लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘वॉट-तास’ म्हणून दिलेला असतो. त्यावरून हिशेब सोपा आहे.

समजा बॅटरी ४२ वॉट-तासांची आहे. मध्यम उजेडात लिहिण्याचे काम साधारण ७ वॉट खाते असे धरू. ४२ भागिले ७, म्हणजे ६ तास. तोच लॅपटॉप हॉटस्पॉटवर व्हिडिओ कॉल करू लागला आणि १४ वॉट खाऊ लागला, तर ३ तास. पुढे बॅटरी जुनी होऊन तिची ताकद पाचव्या हिश्शाने घटली, तर ३३.६ वॉट-तास उरतात आणि ६ तासांचे ५ तासही भरत नाहीत. काही शे वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाल्यावर एवढी घट स्वाभाविक असते. म्हणून आज लागतात त्यापेक्षा दीडपट तास देणारी बॅटरी घ्या. लाईट वारंवार जाणाऱ्या गावासाठी ४५ ते ५० वॉट-तास किंवा त्याहून जास्त.

आता चार्जर. लॅपटॉपच्या चार्जरवर ‘इनपुट १००–२४० व्होल्ट’ असे छापलेले असते. म्हणजे दाब १७० व्होल्टपर्यंत खाली आला, पंखा रेंगाळू लागला, तरी लॅपटॉप चार्ज होतो. लाईट गेली तरी काम थांबत नाही, कारण यूपीएस पोटातच आहे. अर्थात कडाडत्या विजेपासून हा चार्जर वाचवत नाही. गडगडाट सुरू झाला की पिन काढून ठेवावी.

टाइप-सी चार्जिंग असलेला लॅपटॉप इथे खास कामाचा. कंपनीचा चार्जर बिघडला तर ४५ किंवा ६५ वॉटचा ‘पॉवर डिलिव्हरी’ चार्जर कुठल्याही कंपनीचा चालतो. जीपमध्ये बसूनही योग्य अडॅप्टरने चार्ज करता येते. पॉवर बँकेचाही हिशेब करून पाहू: २०,००० एमएएच म्हणजे सुमारे ७४ वॉट-तास. वाटेतली गळती सोडली तर वरची ४२ वॉट-तासांची बॅटरी एकदा पूर्ण भरून थोडी वीज उरते. अट एकच, पॉवर बँक ४५ वॉट किंवा जास्त देणारी हवी. मोबाइलसाठीची साधी पॉवर बँक लॅपटॉपला पुरत नाही. आणि लॅपटॉपचे टाइप-सी भोक चार्जिंगचे आहे की फक्त पेन ड्राइव्हचे, हे दुकानात प्रत्यक्ष चार्जर लावून बघा.

विजेच्या बिलाची काळजी नको. एका युनिटमध्ये १००० वॉट-तास असतात. अशी बॅटरी एकदा भरायला गळतीसह ५० ते ६० वॉट-तास लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये पंधरापेक्षा जास्त वेळा चार्जिंग होते.

५. ऊन, धूळ, पाऊस

अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत लॅपटॉप वापरण्यासाठी ३५ अंशांपर्यंतचे तापमान योग्य म्हटलेले असते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये खोलीतही तेवढे असते. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. त्यामुळे दुपारी लॅपटॉप मंद वाटला तर तो बिघडला असे समजू नका. कमी वॉटचा प्रोसेसर इथे उपयोगी पडतो. भारी प्रोसेसरचा वेग उन्हाळ्यात पूर्ण मिळतही नाही.

बॅटरीला उष्णता आणि सतत १०० टक्के भरलेले राहणे या दोन्हींचा त्रास होतो. बहुतेक कंपन्या ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय देतात. उन्हाळ्यात ती चालू ठेवा. बंद गाडीत किंवा टिनाच्या छपराखाली भर दुपारी लॅपटॉप ठेवू नका. गादीवर ठेवून वापरला तर खालची हवेची भोके बुजतात. खाली पाट किंवा जाड पुठ्ठा घ्या.

चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर, कोरपना या कोळसा आणि सिमेंटच्या पट्ट्यात पंख्याच्या भोकांत काळी-करडी पूड साचते. वर्षातून एकदा पंखा साफ करून घेतला तर यंत्र वर्षानुवर्षे थंड चालते. पंखाच नसलेले, कमी वॉटचे लॅपटॉपही मिळतात. धुळीच्या जागी त्यांचा फायदा होतो, पण त्यांना वाऱ्याची जागा द्यावी लागते. पावसाळ्यात बॅगेच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी ठेवा, आणि लॅपटॉप महिनाभर बंद कपाटात ओलाव्यात पडू देऊ नका.

६. रेंज नसताना काय?

स्वस्त लॅपटॉपमध्ये सहसा सिम घालायची सोय नसते. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घ्यावे लागते. अपवाद आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेला जिओबुक ११.६ इंचांचा, ९९० ग्रॅमचा, ४जी सिमसह होता आणि त्याची किंमत १६,४९९ रुपये ठेवली होती. मुलांच्या हलक्या अभ्यासाला असे यंत्र चालते. पण त्यात ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठा होता, आणि टॉवरच नसेल तर सिमचा उपयोग नाही.

क्रोमबुकचीही तीच गोष्ट. ते हलके, स्वस्त आणि व्हायरसच्या त्रासापासून बरेच सुरक्षित असते, पण त्याचे बरेचसे काम इंटरनेटवर अवलंबून. गडचिरोली शहरात चालेल. एटापल्लीच्या आतल्या गावात अडेल. रेंज नसलेल्या जागी विंडोज किंवा लिनक्स बरे, कारण लिहिण्याचे, तक्त्याचे काम नेटशिवाय होते. लिब्रेऑफिस हा मोफत संच त्याला पुरतो. तालुक्याच्या गावी आलात की फाइली पाठवा, पुस्तके उतरवून घ्या. किविक्स नावाच्या मोफत साधनाने मराठी विकिपीडियासुद्धा पूर्णपणे ऑफलाइन ठेवता येतो.

हॉटस्पॉट वापरताना विंडोजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, नाहीतर मोठी अद्ययावतीकरणे दिवसाचा सगळा डेटा खाऊन टाकतील. मराठीसाठी वेगळा लॅपटॉप किंवा फॉन्ट विकत घ्यावा लागत नाही; विंडोजच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी जोडली की युनिकोड टंकन सुरू होते.

७. दुरुस्ती किती लांब?

भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि गडचिरोलीहून नागपूर जवळपास तेवढेच. सर्व्हिस सेंटर नागपूरला असेल तर एका सैल बिजागरीसाठी जाण्या-येण्याचे दोन दिवस आणि मजुरी जाते. म्हणून वॉरंटीचा प्रकार विचारा. ‘कॅरी-इन’ म्हणजे यंत्र तुम्ही नेऊन द्यायचे. ‘ऑनसाइट’ म्हणजे माणूस तुमच्याकडे येणार. पण ऑनसाइट सेवा प्रत्येक गावाला मिळतेच असे नाही. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून ४४१ किंवा ४४२ ने सुरू होणारा तुमचा पिनकोड सांगा आणि सेवा मिळते का ते खरेदीआधीच विचारा. दोन लॅपटॉप सारखे वाटले तर ज्याची दुरुस्ती चंद्रपुरात किंवा गडचिरोलीत होते तो घ्या, हजार-दोन हजार जास्त पडले तरी. आणि किरकोळ बिघाड मे संपायच्या आत दुरुस्त करा. पावसाळ्यात यंत्र नेणे-आणणे तुमच्या हातात राहत नाही.

८. नवा स्वस्त की जुना चांगला?

समजा हातात २०,००० रुपयेच आहेत. अशा वेळी ४ जीबीचा नवा लॅपटॉप घेण्यापेक्षा मोठ्या कार्यालयांनी वापरून काढलेला, दुरुस्त करून विकलेला थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक अनेकदा सरस ठरतो. ते मजबूत असतात, कीबोर्ड चांगला असतो, आणि बहुतेकांत रॅम व एसएसडी बदलता येते.

पण तीन गोष्टी तपासा. एक, प्रोसेसरची पिढी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. ‘आय५-८२५०’ मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. ‘आय५-७२००’ सातवी, तो विंडोजसाठी सोडा. सातव्या पिढीचे यंत्र फारच स्वस्त मिळाले तर त्यावर लिनक्स चालवता येते. दोन, बॅटरी. विंडोजच्या बॅटरी अहवालात मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता असे दोन आकडे दिसतात. ५० चे ३० उरले असतील तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरा. तीन, बिल आणि दुकानाची लेखी वॉरंटी.

नव्या लॅपटॉपमध्येही एक सापळा असतो. पाटीवर ‘डॉस’ लिहिले असेल तर किमतीत विंडोज नसते. “आम्ही टाकून देतो” असे दुकानदार म्हणाला तर ते परवान्याचे आहे का, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

थोडक्यात निकाल

चंद्रपूर-गडचिरोलीत रोज बाहेर नेण्यासाठी: १४ इंची, दीड किलोच्या आतला, ८ जीबी रॅम, २५६ जीबी किंवा जास्त एसएसडी, ४५ वॉट-तासांच्या वरची बॅटरी, टाइप-सी चार्जिंग, प्रोजेक्टरसाठी एचडीएमआय आणि दोन साधे यूएसबी. पैसे कमी पडत असतील तर आधी प्रोसेसरवर तडजोड करा, मग पडद्याच्या मापावर. रॅम, एसएसडी आणि बॅटरीवर करू नका. हे सगळे जुळले की मगच कंपनीचे नाव निवडा, तेही जवळचे सर्व्हिस सेंटर बघून. आणि जीएसटीचे पक्के बिल घेतल्याशिवाय दुकान सोडू नका. त्यावर यंत्राचा अनुक्रमांक आहे का ते तिथेच तपासा, बिलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि त्याच दिवशी कंपनीकडे वॉरंटीची नोंद करा.